पाहुणा, स्वतःच्या भूमिकेत

१

मी आजवर बासष्ट वेळा माझं स्वतःचं काम केलंय. म्हणजे मालिकांमध्ये. विनोदी नट म्हणून माझं नाव झालं, मग ते नाव जुनं झालं, आणि नाव जुनं झालं की माणसाला पाहुणा म्हणून बोलावतात. एखाद्या मालिकेचा गाडा रुतला की त्यातल्या घराची बेल वाजते, दार उघडतं आणि दारात मी. घरातली सून किंचाळते, "अय्या, तुम्ही?" मी म्हणतो, गाडी बंद पडलीय, जरा फोन करू का. मग दोन विनोद, एक सल्ला आणि सगळ्यांबरोबर फोटो. शेवटी पाटी येते, पाहुणा कलाकार, स्वतःच्या भूमिकेत.

या कामाला संहिता नसते. कागदावर बाकी सगळ्यांची वाक्यं छापलेली असतात आणि माझ्या नावापुढे कोरी जागा. तुमचं तुम्ही बघा ना सर, तुमच्या स्टाईलमध्ये, असं म्हणतात. माझी स्टाईल म्हणजे काय हे मला तरी कुठे ठाऊक? पण मी जातो, घरचेच कपडे घालून जातो, अर्ध्या दिवसात मोकळा होतो आणि आठवड्याभरात विसरून जातो. बासष्टपैकी दहासुद्धा मला धड आठवत नाहीत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते पहिले काही दिवस मी माझ्या विसरभोळेपणावरच ढकलत होतो.

घरी मी आणि आई, दोघंच. लग्न मी केलं नाही. खरं सांगायचं तर कुणी करून घेतलं नाही. आई ब्याऐंशीची. सहा वर्षांपूर्वी काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेले, तेव्हापासून ती टीव्ही ऐकते. चेहरा, पोट, टक्कल, ज्या भांडवलावर मी आयुष्य काढलं, त्यातलं तिच्याकडे आता काहीच उरलेलं नाही. तिच्यासाठी मी म्हणजे माझा आवाज. जिन्यात खाकरलो तरी ती आतून म्हणते, "टिल्ल्या आला." मी छप्पन्न वर्षांचा आहे, वजन शंभरच्या घरात. मला टिल्ल्या म्हणणारं जगात एवढं एकच माणूस आहे आणि ते माणूस गेलं की मला कुणी नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

एवढं असून माझ्या विनोदाला ती कधी हसली नाही. एकदाही नाही. लोक हसतात ना, मग झालं, म्हणायची आणि भाजी निवडायला घ्यायची. मी वरवर हसून सोडून द्यायचो, पण आत कुठेतरी ते टोचायचं.

२

त्या मंगळवारी सकाळी अकराला डबिंग होतं. सेटवर पंखे, माणसं, हातोडे यांचा इतका गोंगाट असतो की आमचे संवाद नंतर एका बंद खोलीत पुन्हा बोलून घेतात. प्रसंग तुकड्यातुकड्यानं पडद्यावर येतो. एकेका तुकड्याला लूप म्हणतात. कानाला हेडफोन, त्यात शूटिंगच्या वेळचा कच्चा आवाज. तीन वेळा टुंग वाजतं, चौथ्याला तोंड उघडायचं आणि पडद्यावरच्या ओठांत आपला आवाज बसवायचा. या कामात मी वस्ताद आहे. माझं नावच एक टेकवाला. हलणारे ओठ रिकामे सोडायचे नाहीत, एवढा एकच नियम मी तीस वर्षं पाळला.

खोली नेहमीची होती. भिंतींना तपकिरी गालिचा, मध्ये माइक, समोर पडदा, बाजूला काच आणि काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. हा दिवसभर एसीत बसून मफलर गुंडाळणारा माणूस. त्याच्या तोंडून मी तोवर दोनच शब्द ऐकले होते, ओके आणि वन्स मोअर. त्याच्या शेजारी कंटिन्युइटीच्या बाई, म्हणजे कुणी कुठला शर्ट घातला होता आणि पेला कुठल्या हातात होता याची नोंद ठेवणाऱ्या. चाळिशीच्या, चष्मा कपाळावर, बोलणं तुटक, पण कामात चोख.

पहिले चार लूप पटापट झाले. दारात मी, किंचाळणारी सून, गाडी बंद पडल्याचं रडगाणं. पाचवा आला आणि मी थांबलो. पडद्यावर मी एकटाच खुर्चीत बसलो होतो. छातीपर्यंतचा शॉट, मागे नुसती फिकट भिंत. मी समोर कुणाकडे तरी बघत होतो आणि ओठ हलत होते. हेडफोनमध्ये काहीच नव्हतं. गोंगाटसुद्धा नाही.

असा प्रसंग मला आठवत नव्हता. त्याचं काही नाही, कुठले आठवतात? खटकला तो शर्ट. बारीक चौकड्यांचा, मातकट. तो माझा घरचा शर्ट. बारीक चौकडी कॅमेऱ्यापुढे नाचते, डोळ्यांना झिणझिण्या येतात, म्हणून चौकडी घालून मी उभ्या जन्मात सेटवर गेलेलो नाही. आणि पडद्यावरच्या त्या चौकड्या अजिबात नाचत नव्हत्या.

बाई म्हणाल्या, कार्ड खराब झालं असेल, आवाज आलेला नाही, ओठांवरून घ्या ना सर. मी ओठ बघितले. तीन टुंग वाजले आणि मी बोललो, "पाणी मिळेल का जरा?"

असं बसलं म्हणता! शिवलेलं नव्हे, अंगावरच उगवलेलं वाटावं इतकं. रेकॉर्डिस्ट ओके म्हणाला. मला स्वतःचं कौतुक वाटलं, दुसरं काही नाही.

३

डबिंग आटपून मी एका दुकानाच्या उद्घाटनाला गेलो आणि सातच्या सुमाराला घरी आलो. जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. त्या रोज सकाळी आईला आंघोळ घालून, खाऊपिऊ घालून जातात. दुपारी आई एकटीच असते. काकूंचा चेहरा फुगलेला होता. म्हणाल्या, मोठे झालात तुम्ही, आता आम्हाला ओळख कशाला द्याल? मी विचारलं, काय झालं. तर म्हणे गेल्या आठवड्यात दोनदा दुपारी जिन्यात समोरासमोर आलो, त्यांनी विचारपूस केली आणि मी नुसता हसून, तोंडातून अवाक्षर न काढता वर निघून गेलो. मी म्हटलं, काकू, दुपारी मी घरी नसतोच. त्या म्हणाल्या, बरं बाबा, नसाल.

वर आई खुर्चीत बसली होती. समोरच्या टेबलावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला.

"मागितलंस आणि तसाच ठेवून गेलास," आई म्हणाली. "आणि ते 'मिळेल का जरा' काय? घरात पाणी मागताना असं परक्यासारखं बोलतात का रे?"

मी विचारलं, कधी. ती म्हणाली, दुपारी, टीव्हीवर बातम्या लागायच्या आधी. म्हणजे बाराच्या आत.

मी पेला उचलून मोरीत ओतला आणि हिशेब लावू लागलो. आई दुपारी पेंगते. टीव्ही चालूच असतो. कुठल्यातरी मालिकेत कुणीतरी पाणी मागितलं असेल. पेला तिनं स्वतःच भरला असेल, ती चाचपडत स्वयंपाकघरात जाते, मी कितीदा रागावलोय. हे सगळं अगदी नीट जुळत होतं. फक्त आई पेला कधी काठोकाठ भरत नाही. बोट आत घालून पाण्याची पातळी बघते आणि बोटभर कमीच ठेवते.

खुंटीवरचा चौकड्यांचा शर्ट मी हुंगून बघितला. धुतलेल्या कपड्याचा वास येत होता. मग स्वतःलाच हसलो. काय शोधत होतो मी?

४

बुधवारी मी मालिकेच्या ऑफिसात गेलो. कंटिन्युइटीच्या बाईंनी माझ्या प्रसंगांचे फोटो दाखवले. प्रत्येक शॉटआधी आणि शॉटनंतर त्या फोटो काढतातच. एकूण एकतीस फोटो. सगळ्यांत मी निळ्या शर्टात. खुर्चीतला एकही नाही.

बाईंनी चष्मा खाली ओढून यादी दोनदा तपासली. त्यांच्या कामात असं होणं म्हणजे नाक कापलं जाण्यासारखंच, त्यामुळे त्या खरोखर कावल्या होत्या. म्हणाल्या, तो लूप एडिटिंगकडून आलाय, मला विचारू नका, आणि अजून दोन लूप यायचे आहेत, शुक्रवारी या. मी विचारलं, हे एडिटिंगवाले बसतात कुठे. त्यांनी हातानंच वर कुठेतरी दाखवलं. त्या इमारतीला वर एकच मजला होता आणि तिथे जुने सोफे आणि दारं रचून ठेवलेली मी स्वतः पाहिली होती.

खरं सांगू? मला भीती वाटायला हवी होती. वाटली ती उत्सुकता. गुरुवारी दिवसभर ती मला खाजेसारखी छळत होती. तीस वर्षांत लोकांनी मला सांगितलं की स्वतःसारखं वागा, आणि आज कुणीतरी माझ्यासारखं वागतंय, माझ्या घरच्या शर्टात, आणि ते मला बघायला मिळणार. कोण सोडेल? मी गुरुवारी घरीच राहिलो. आईच्या समोरच्या खुर्चीत सकाळपासून ठाण मांडून बसलो. कुणी आलं नाही. दुपारी आई म्हणाली, आज काय कामधंदा नाही वाटतं, जा बाहेर, जरा मोकळा श्वास घेऊ दे मला.

मी विचारलं, "आई, आवाजावरून तू मला ओळखतेस. चुकणार नाहीस ना कधी?"

ती म्हणाली, "तुझा आवाज मी तुला दात नव्हते तेव्हापासून ऐकतेय. चुकायला काय झालं?"

हे ऐकून बरं वाटलं. त्या दिवशी मी दोन घास जास्तच जेवलो.

५

शुक्रवारचा लूप मोठा होता. कॅमेरा मागे गेला होता. खुर्ची पूर्ण दिसत होती, वेताची, एका हाताला निळी नायलॉनची दोरी गुंडाळलेली. ती दोरी मी गुंडाळली आहे. आई पूर्वी घरी त्या खुर्चीत बसायची, तेव्हा तिला वेत टोचायचा म्हणून. मागच्या भिंतीवर एक रिकामा खिळा होता, आमच्या भिंतीवर आहे तसा. अशा दहा भिंती सेटवाले रोज उभ्या करतात, हे मी स्वतःशी म्हटलं. दोरीचं मात्र मला काही सुचलं नाही.

फ्रेमच्या उजव्या कडेला, फोकसच्या बाहेर, कुणीतरी बसलं होतं. पांढऱ्या केसांचा ठिपका आणि मांडीवर ठेवलेले दोन हात.

ओठ सुरू झाले. कच्चा आवाज नव्हताच. मी ओठांच्या मागे मागे बोलत गेलो. हे डबिंगवाल्यालाच कळेल, शब्द आधी तोंडातून येतो आणि आपण काय बोललो ते मागून समजतं. मी वडिलांची गोष्ट सांगत होतो. ते एकदा उलटा सदरा घालून कुणाच्यातरी लग्नाला गेले आणि जेवण होईपर्यंत सगळ्यांनी तो नव्या फॅशनचा समजून कौतुक केलं, ती गोष्ट. ही मी कधीच कुठे सांगितलेली नाही. वडील गेल्यावर घरात त्यांचा विषय निघत नसे, आईला सोसत नसे. आणि पडद्यावरचा मी ती इतकी सहज, इतकी मायेनं सांगत होता की मलाही हसू येत होतं. कुठे थांबावं, कुठे नुसतं बघावं, हे त्याला कळत होतं. मला हे स्टेजवर तीस वर्षांत जमलं नाही.

तेवढ्यात कडेचा पांढरा ठिपका हलला. खांदे गदगदले, एक हात तोंडावर गेला. आई हसत होती.

मफलरवाला ओके म्हणाला. मी म्हटलं, वन्स मोअर.

त्यानं मान वर करून काचेतून माझ्याकडे बघितलं. बाईंनीही बघितलं. एक टेकवाल्यानं आजवर स्वतः कधी टेक मागितला नव्हता. त्यांनी पुन्हा लावलं, मी पुन्हा बोललो आणि आई पुन्हा हसली. पुन्हा मागितलं. असे चार टेक मी दिले. आवाजात काही कमी होतं म्हणून नव्हे. मला तिचं हसणं बघायचं होतं, आणि ते बघण्यासाठी दर वेळी आवाज द्यावा लागत होता. मी देत गेलो. जन्मभर ज्याच्यासाठी जीव टाकला ते समोर चालू होतं, मी कसा थांबणार?

६

घरी आलो तर आईचा चेहरा उजळलेला. बरगड्या दुखतायत म्हणाली, इतकी हसले.

"चारदा सांगितलास तोच किस्सा," ती म्हणाली, "आणि चारही वेळा तेवढंच हसू आलं बघ. इतकी वर्षं कुठे लपवून ठेवलं होतंस हे?"

मी तिच्या पायाशी जमिनीवर बसलो. मला हेवा वाटत होता. लाज वाटते सांगायला, पण तेच खरं. मी ती गोष्ट सांगायला घेतली. तेच शब्द, त्याच जागा. आज चारदा घोकून झालेले. आई अर्ध्यापर्यंत ऐकत राहिली, मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, दमलास वाटतं, दुपारी छान रंगली होती, आता राहू दे.

रात्रभर विचार करून मी ठरवलं की बस झालं. सकाळीच बाईंना फोन लावला. म्हटलं, तिसरा लूप मी करणार नाही, ओठ मुके राहू देत नाहीतर वर संगीत टाका. मला वाटलं त्या चिडतील. त्या शांतपणे म्हणाल्या, काही अडचण नाही सर.

"काल तुम्ही एवढे चार टेक दिलेत ना, त्यात सगळे सूर आलेत तुमचे. लागतील ते शब्द जोडून घेऊ. आता आमच्याकडे तुमचा आवाज पुरेसा आहे."

मी फोन ठेवला. पुरेसा कशासाठी, हे विचारायचं राहिलं. विचारलं असतं तरी त्या काय सांगणार होत्या? त्यांना फक्त शर्टाचे रंग ठाऊक.

मग मी उलटा विचार केला. आपण जायचं. माइकसमोर उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. माझ्या डोळ्यांदेखत कोण काय जोडतो ते बघू. सोमवारी दुपारी बाराची वेळ दिली त्यांनी. निघताना आईला म्हटलं, आज कुणीही आलं, काहीही बोललं, तरी उत्तर देऊ नकोस, मी येईपर्यंत. ती म्हणाली, कुणी म्हणजे? तूच तर येतोस.

७

तिसरा लूप पाठमोरा होता. आमच्या धंद्यात पाठमोरा शॉट म्हणजे सुट्टी. ओठ दिसत नाहीत, काहीही घाला, बसतंच. खुर्चीत माझी पाठ, चौकड्यांचा शर्ट, टकलावर खिडकीचा उजेड. माझं टक्कल मागून इतकं पसरलंय हे मला तोवर माहीत नव्हतं. आणि समोर, या वेळी अगदी स्वच्छ फोकसमध्ये, आई.

सकाळी काकूंनी नेसवलेली तीच साडी होती. पदराला पिन लावताना काकूंच्या हातून घडी वाकडी गेली होती आणि माझ्याकडून ती सरळ करायची राहून गेली होती. पडद्यावर ती घडी वाकडीच होती.

मी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. बारा वाजून दहा मिनिटं. पडद्यावरच्या उजेडातही दुपार होती.

टुंग. टुंग. टुंग. मी दातांवर दात घट्ट दाबले. हाताची मूठ तोंडावर धरली.

पडद्यावर आई ऐकत होती. आंधळी माणसं ऐकताना मान जराशी तिरपी करतात, तशी. तिनं मान हलवली. मी काचेपलीकडे बघितलं. रेकॉर्डिस्टसमोरच्या छोट्या स्क्रीनवर, बोललं की उड्या मारतात त्या हिरव्या पट्ट्या उड्या मारत होत्या. खाली, वर, थोडं थांबून पुन्हा वर. माझं तोंड बंद होतं. माझ्या घशात मात्र, बोलताना होते तशी बारीक थरथर होती.

मग आई बोलली. ओठ वाचणं हा माझा धंदा, आणि ते ओठ मी छप्पन्न वर्षं बघतोय. ती म्हणाली, "बरं, बसवते त्याला. जेवूनच जा म्हणेन."

पाठमोरा माणूस वळू लागला. आधी कान, मग गालाचा उंचवटा, मग हसताना ओठांच्या कोपऱ्यात माझ्या पडते तशी घडी. तो कॅमेऱ्याकडे वळत होता, घाई नव्हती त्याला. डोळ्याचा पांढरा भाग दिसला न दिसला आणि लूप संपला.

"ओके," रेकॉर्डिस्ट म्हणाला. आणि त्या माणसानं मी ऐकलेला तिसरा शब्द काढला, "छान."

मी काचेवर थाप मारून ओरडलो की मी काही बोललोच नाही. निदान ओरडायला तोंड उघडलं. पलीकडे बाई वहीत खूण करत होत्या. त्यांनी मान वर केली आणि ऐकू येत नाही अशा अर्थानं कानाला हात लावला.

८

टॅक्सीत मी बोलून बघितलं. आवाज येत होता. थोडा खरखरीत, पण माझाच. चालकानं आरशातून बघून विचारलं की तुम्ही ते टीव्हीवरचे ना. हो म्हणालो आणि इतकं बरं वाटलं की त्याचा हात धरावासा वाटला.

जिना मी दोनदोन पायऱ्यांनी चढलो, वर पोचलो तेव्हा धाप लागली होती. दार नुसतं लोटलेलं होतं. आत सगळं जागच्या जागी. टीव्ही बंद. वेताची खुर्ची रिकामी, पण गादी अजून दबलेली. आई तिच्या जागेवर बसलेली होती. न्हाणीघराचं दार बंद होतं आणि आत नळ चालू होता.

मी खाकरलो. ती 'टिल्ल्या आला' म्हणाली नाही. मान तिरपी करून वाट बघत राहिली.

"आई," मी म्हणालो.

"या, या," ती उठायला लागली. "बसा ना. टिल्ल्यानं सांगून ठेवलंय तुम्ही येणार म्हणून."

"आई, मी आहे. मीच टिल्ल्या."

आणि आई हसली. आधी ओठ दाबून, मग दाबवेना म्हणून मोकळं, तोंडावर हात घेऊन, खांदे गदगदवत, पडद्यावर हसली होती तशी. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मी जन्मभर या हसण्याची वाट बघितली होती. तिनं पदरानं डोळे पुसले, पदराची ती वाकडी घडी आणखी विस्कटली.

"काय हुबेहूब काढता हो," ती म्हणाली. "तो म्हणालाच होता, माझी नक्कल करणारा एक जण येईल, बिचारा फार मन लावून करतो, त्याला हाकलू नकोस. बसा. आंघोळ करून येईलच तो."

मी तिचे हात धरले. तिला सांगितलं ते काकूंचं, पेल्याचं, खुर्चीच्या दोरीचं, लहानपणी मी तापात काय बडबडलो होतो त्याचं, आम्हा दोघांनाच ठाऊक असलेलं होतं नव्हतं ते सगळं. ती कौतुकानं ऐकत राहिली. केवढा अभ्यास करता म्हणाली. त्यानं सांगितलं वाटतं हे सगळं.

माझा आवाज फाटला. तेव्हा तिला माझी दया आली असावी. नवख्या माणसाची येते तशी. तिनं माझ्या हातावर थोपटलं.

"एक सांगू? रागावू नका," ती म्हणाली. "बाकी सगळं जमतंय. फक्त तो 'आई' म्हणतो ना, त्यात थोडं कमी पडतंय. तुम्ही मागितल्यासारखं म्हणता. तो नुसतं म्हणतो. पुन्हा म्हणा बघू."

आत नळ बंद झाला. टॉवेल खांद्यावर झटकल्याचा आवाज आला, मी झटकतो तसा, दोनदा.

मी ताठ बसलो. घसा साफ केला. कडी निघायच्या आत मला ते जमवायचं होतं.

"आई," मी म्हणालो.

तिनं मान तिरपी केली, नीट ऐकलं आणि मायेनं म्हणाली, "जवळ आलात. अजून एकदा."